सोलर, एसी, गीझर: साताऱ्याच्या थंडीत काय जपायचं आणि कशाच्या मागं लागायचं नाही

आधी ती ताडपत्री काढा. बाकीचं मग बोलू.

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. तुम्ही तो नीट लिहून विचारलाय म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सातारा शहरात फ्लॅट, तिथं दीड टनाचा स्प्लिट एसी आणि बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर. वर पाचगणीकडं भिलारजवळ लहानसं घर, तिथं महिन्या-दोन महिन्यांनी जाणं होतं; गच्चीवर पाणी तापवायचा २०० लिटरचा सोलर, खोलीत हॉट अँड कोल्ड एसी, शिवाय गॅस गीझर. व्हिडिओ बघून तुम्ही साताऱ्यातल्या एसीचं आउटडोअर युनिट ताडपत्रीत बांधून टाकलंय. आता विचारताय की भिलारच्या पाइपांना ती तापणारी वायर गुंडाळू का आणि सोलरच्या पाण्यात न गोठणारं रसायन घालू का.

ते व्हिडिओ खोटे नाहीत, ते आपले नाहीत, बर्फाच्या देशांतले आहेत. तिकडं तीन-चार महिने बर्फ असतो, रात्री उणे पंधरा-वीस होतं, आणि भिंतींमधून फिरणाऱ्या गरम पाण्यावर घर चालतं. आपल्याकडं साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास येतो, कडाका पडला तर थोडा आणखी खाली, आणि दुपारी बाराला तोच माणूस स्वेटर कमरेला बांधून फिरतो. या थंडीनं यंत्र मरत नाही. ते नुसतं पडून राहिल्यानं मरतं. माझ्या दुरुस्तीच्या कामाच्या वहीत नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी काढल्या तर त्यात राख, उंदीर, ओल आणि क्षार या चौघांचंच राज्य दिसेल. गोठल्याचं काम एखादंच, आणि तेही वर महाबळेश्वरला.

त्या एखाद्याबद्दलच आधी सांगतो, कारण भिलारच्या घरासाठी ते समजून घेतलेलं बरं.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत महाबळेश्वरला लिंगमळ्याच्या बाजूला एका बंगल्यावर गेलो होतो. सकाळचे सात वाजले असतील. गवतावर कुणी मीठ भुरभुरावं तसं पांढरं. मालकांची तक्रार एवढीच, की सोलरचं पाणी येत नाही. पॅनेल जुन्या पद्धतीचं, म्हणजे काचेखाली काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या. वरून बघितलं तर सगळं धड. चहा घेत थांबलो. ऊन पॅनेलवर आलं, अर्ध्या तासात काच आतून धुरकट झाली, मग टप टप, आणि मग खालच्या कडेनं धारच लागली. काच काढली तर एका नळीला बोटाच्या पेराएवढी उभी फट, कडा बाहेर वळलेल्या, लाही फुटावी तशा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं; तांब्याला तेवढं ताणता येत नाही. रात्री नळी फुटली, पण बर्फच तिचं बूच झालं होतं. ते वितळेपर्यंत पत्ता लागला नाही.

मालक म्हणाले, "अहो, रात्री थर्मामीटर चार दाखवत होता, मग बर्फ कसा?" प्रश्न बरोबर आहे. हवा चार अंशांवर असली तरी उघड्या आभाळाकडं तोंड करून पडलेली वस्तू हवेपेक्षाही थंड होते. तिची उष्णता वर निघून जाते आणि स्वच्छ आभाळातून परत काही येत नाही. म्हणून तर दर हिवाळ्यात पेपरात फोटो येतो तो जीपच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर गोठलेल्या दवाचा. त्याच जीपखालच्या गवतावर बर्फ नसतो. त्यात थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत वेण्णा लेकच्या खोलगट भागात साठते. महाबळेश्वर सगळं साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, पण गोठतं ते त्या खोलगट पट्ट्यातच. कड्यावरचं घर त्या रात्री तीन-चार अंशांनी उबदार असू शकतं.

आता तुमचं घर. भिलारला उतारावर असाल तर धोका फारच कमी, ओढ्यालगत खोलगटात असाल तर थोडा. सोलर कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. गच्चीवर जाऊन बघा. काळ्या काचेच्या नळ्या ओळीनं लावलेल्या असतील तर तो ट्यूबवाला. त्या नळीला दुहेरी काच असते आणि मधे निर्वात पोकळी, थर्मासच म्हणा. आपल्या थंडीत ती आतून गोठत नाही. एकच बघायचं: नळीच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर पोकळी गेली, आत हवा शिरली, थर्मासची झाली साधी बाटली. अशी नळी बदलून टाका, थंडी असो वा नसो, ती पाणी तापवतच नाही. त्या लिंगमळ्याच्या बंगल्यासारखं सपाट पॅनेल असेल तर मात्र कडाक्याच्या, निरभ्र रात्री त्यावर जुनी सतरंजी किंवा गोणपाट टाकून ठेवा, सकाळी उचला. आभाळ दिसलं नाही की पॅनेलची उष्णता तिकडं जात नाही. तापणारी वायर लावू नका. घर बंद असताना गच्चीवर विजेचा चालू जोड ठेवणं मला पसंत नाही, त्यात तिकडच्या पावसाळ्यात त्याचं काय होईल ते सांगायलाच नको.

रसायनाचं तर नावच काढू नका. आपल्या घरगुती सोलरमध्ये जे पाणी नळ्यांत फिरतं तेच अंघोळीला येतं, तेच कुणी चहाच्या पातेल्यातही घेतं. रसायन चालतं ते पॅनेलचं पाणी वेगळं फिरवणाऱ्या यंत्रणेत. तुमच्याकडं ती असती तर बसवणाऱ्यानं तुम्हाला सांगितलं असतं आणि बिलातही ते दिसलं असतं.

पाइप मात्र झाका, पण ते गोठू नयेत म्हणून नव्हे. टाकीपासून बाथरूमपर्यंत उघडा पाइप असेल तर सकाळी पहिल्या दोन बादल्या थंडच येतात आणि लोक सोलरला शिव्या देतात. काळ्या नायट्राइल रबराची नळी मिळते, ती चढवा आणि वरून ॲल्युमिनियमची टेप घट्ट गुंडाळा. टेप नसेल तर उन्हानं रबर दोन वर्षांत बिस्किटासारखं चुरतं. पाचगणी-महाबळेश्वरला आणखी एक शत्रू आहे, माकडं. ती हे रबर सोलून काढतात, का ते त्यांनाच ठाऊक. तिथं मी टेपवर पत्र्याची पन्हाळी बसवतो. खर्च होतो, पण दर वर्षी परत जावं लागत नाही.

सोलर हिवाळ्यात कमी तापतो तो हवेच्या थंडीपेक्षा सावलीनं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर येतच नाही, दक्षिणेकडं क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवरूनच परत फिरतो. म्हणजे पॅनेलच्या दक्षिणेला दीड मीटर उंचीची पाण्याची टाकी असेल तर तिची सावली भर दुपारी सव्वा मीटरवर पडते, आणि सकाळी नऊला याच्या दुपटीहून लांब. मे महिन्यात बसवलेला सोलर बघताना ही सावली कुणाला दिसत नाही. हाताखालच्या पोरांना सांगतो, बसवायच्या आधी दक्षिणेला तोंड करून उभे राहा आणि डिसेंबरचा सूर्य कुठं असेल ते हातानं दाखवा.

सोलरच्या टाकीत जो विजेचा रॉड बॅकअप म्हणून देतात तोही हिवाळ्यात जपून. २०० लिटर पाणी २५ अंशांनी वर चढवायचं तर जवळपास ६ युनिट वीज जाते. तेच १५ लिटरच्या गीझरला १२ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला पाऊण युनिटापेक्षा थोडी जास्त आणि २५ मिनिटं. दोन माणसांच्या अंघोळीसाठी अख्खी टाकी कशाला तापवायची? बाथरूमचा गीझर वेगळा ठेवा आणि ढगाळ दिवशी तोच लावा.

आता साताऱ्यातला एसी.

ताडपत्री काढायला का सांगितलं? आत ओल कोंडते. रात्री पत्रा गार पडतो, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि दुपारपर्यंत वाळत नाहीत. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि टर्मिनलवरचे स्क्रू तीन महिने त्या दमट हवेत राहतात. हे युनिट पावसात भिजायलाच बनवलंय, त्याला फक्त वाळायला मिळालं पाहिजे. शिवाय फेब्रुवारीच्या शेवटी एखाद्या गरम दुपारी घरातलं कुणीतरी रिमोट दाबतं, ताडपत्रीचं कुणाच्या ध्यानात नसतं, आणि कॉम्प्रेसर गुदमरून ट्रिप होतो. वरून फांदी, नारळ असं काही पडायची भीती असेल तर डोक्यावर प्लायचा तुकडा ठेवून वजन द्या. चारी बाजू मोकळ्या.

तिसरं कारण उंदीर, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे आपल्या भागाचंच दुखणं आहे. सातारा-कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी गाळप हंगाम सुरू झाला की ऊस तुटायला लागतो. वर्षभर फडात राहिलेला उंदीर एका आठवड्यात बेघर होतो आणि वस्तीकडं सरकतो. त्याला कोरडी, अंधारी, वाऱ्यापासून आडोशाची जागा हवी असते. ताडपत्रीत बांधलेलं आउटडोअर युनिट म्हणजे तयार बंगलाच. मागं कोरेगावकडं एक युनिट उघडलं. आत कॉम्प्रेसरभोवती पाचटाचं बारीक विणलेलं घरटं, त्यात शेंगांची टरफलं, आणि सेन्सरच्या वायरीचे तुकडे अगदी मऊ करून अंथरलेले. पिल्लं नव्हती, पण मुताचा वास असा की पोरगं मागं सरलं. पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवर, ते मूत सांडून तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या. पीसीबीच गेला. एसी दोन उन्हाळ्यांचाच होता.

यावर उपाय साधे आहेत. जिथून तांब्याचे पाइप भिंतीत शिरतात ते भोक पुट्टीनं बुजवा, नुसता फोम नको, उंदीर तो खातो. युनिटाच्या तळाशी आणि वायरींच्या वाटेला बारीक छिद्रांची जाळी लावून घ्या. आणि पंधरा दिवसांतून एकदा दुपारच्या उन्हात दहा मिनिटं एसी चालू करा. लोक म्हणतात कॉम्प्रेसरच्या तेलासाठी हे करावं. मला विचाराल तर घरगुती बंद कॉम्प्रेसर चार महिने पडून राहिल्यानं बिघडत नाही. चालवायचा तो उंदरासाठी: पंखा फिरला, आवाज झाला की तिथं तो मुक्काम करत नाही, आणि वायर तोडलीच असेल तर तुम्हाला ते डिसेंबरमध्ये कळतं, एप्रिलमध्ये आमच्या दारात रांग असताना नाही. बाकी वेळ एमसीबी, म्हणजे एसीचा मेन स्विच, खाली ठेवा आणि रिमोटमधले सेल काढून ठेवा.

हंगामाचीच दुसरी देणगी म्हणजे राख. पाचट पेटवलं की काळे पापुद्रे कोसभर उडतात, कारखान्याच्या चिमणीची बारीक राख वेगळीच. सकाळी गच्ची झाडणाऱ्या बायकांना हे मी सांगायला नको. ही राख कोरडी असेपर्यंत ठीक, पण पहाटे दव पडलं की तिचा लगदा होऊन कॉइलच्या पट्ट्यांत बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा धरतो. राख क्षारयुक्त असते, ॲल्युमिनियमशी तिचं पटत नाही. म्हणून आउटडोअरची धुलाई मार्चमध्ये एकदाच न करता जानेवारीत एक हात मारून घ्या. एमसीबी बंद, मग साध्या पाइपनं, हलक्या धारेनं, जमेल तिथं आतून बाहेर. गाडी धुवायच्या जोराच्या पंपानं अजिबात नाही, पट्ट्या आडव्या पडतात आणि मग हवाच जात नाही. सोलरच्या नळ्यांवरही हीच राख बसते. त्या पुसायच्या सूर्य उगवायच्या आत, ओल्या फडक्यानं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारून नळी तडकवलेले लोक मी पाहिलेत, आणि ते सगळे शिकलेले होते.

घरातलं इनडोअर युनिट मात्र एसीचा हंगाम संपताना वाळवूनच बंद करायचं. एक-दोन तास नुसता फॅन मोड. ओली कॉइल तशीच बंद केली की मार्चमध्ये पहिल्या दिवशी कुबट वास येतो. जाळ्या धुऊन सावलीत वाळवा. एसीतल्या गॅसचं म्हणाल तर तो गॅस थंडीनं कमी होत नाही, वापरून संपतही नाही. "दर वर्षी गॅस भरावा लागतो" असं कुणी म्हणालं तर त्याला गळती कुठं आहे ते दाखवायला सांगा.

भिलारच्या हॉट अँड कोल्डची गोष्ट उलटी. तो हिवाळ्यातच काम करणार. गरम मोडवर तो बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून खोलीत आणतो, म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. तेलाच्या हीटरला एकास एकच. पण तेव्हा बाहेरची कॉइल बर्फगार होते, आणि हवा पाच-सहा अंशांवर असली तरी तिच्यावर हिम धरतं. मग यंत्र स्वतःच काही मिनिटं उलटं फिरतं आणि ते हिम वितळवतं. त्या वेळी आतला पंखा थांबतो आणि बाहेरून पांढरे लोट निघतात. रात्री साडेदहाला फोन येतो, "एसीला आग लागली." आग नाही, वाफ आहे. पाच-दहा मिनिटांत थांबेल, हात लावू नका. फक्त युनिटाखाली ते पाणी वाहून जायला जागा ठेवा आणि मागं गवत, पालापाचोळा साठू देऊ नका.

तेलाचा हीटर वापरत असाल तर २००० वॅटचा हीटर १६ अँपिअरच्या पॉइंटवरच. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शनवर लावलेला हीटर म्हणजे वितळलेल्या प्लगचा वास, हे ठरलेलं.

आता गॅस गीझर. या पत्रातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको. यंत्र जपायचं ते पैशासाठी. इथं जिवाचा प्रश्न आहे. वर्षभर बाथरूमची झडपांची खिडकी उघडी असते. थंडी पडली की घरातलंच कुणीतरी तिच्या फटीत वर्तमानपत्र कोंबतं, वारा लागतो म्हणून. आत गॅस गीझर असेल तर ज्योतीला हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग पाय लटपटतात आणि कडी काढायचीही ताकद राहत नाही. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. तुमचा आत असेल तर मला बोलवा किंवा दुसऱ्या कुणाला, पण पुढच्या मुक्कामाआधी तो बाहेर काढा. रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून झोपायची पाचगणीकडची सवयही तशीच घातक. आमच्या आजीचा तांब्याचा बंब परसात असायचा. जागा नव्हती म्हणून नव्हे, त्या पिढीला धूर कुठं असावा हे कळत होतं म्हणून.

पहाटे गॅसची ज्योत मंद वाटली तर लगेच गीझर खोलू नका. सिलिंडरमधल्या मिश्रणातलं ब्यूटेन शून्याच्या आसपास उकळतं, त्यामुळं गारठ्यात, त्यातही सिलिंडर संपत आलेला असताना, दाब उतरतो. दिवस चढून हवा तापली की दाब आपोआप परत येतो. गरम पाण्याच्या घमेल्यात सिलिंडर उभा करू नका. ठिणगीच पडत नसेल तर आधी सेल बदला, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

साताऱ्यातल्या गीझरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शहरात कास तलावाचं पाणी येत असेल तर क्षाराचा त्रास कमी. बोअरचं असेल तर दोन वर्षांनी कॉइल आणि मॅग्नेशियमचा रॉड काढून बघायचा. माण-खटावकडच्या बोअरवर तर वर्षातच कॉइलवर चुन्याची मनगटाएवढी गाठ होते. रॉड झिजलेला दिसला म्हणजे तो काम करतोय, कारण तो झिजतो म्हणून टाकी वाचते.

भिलारचं घर महिनाभर बंद करताना गॅस गीझरमधलं पाणी खालचा स्क्रू सोडून काढा, आणि सपाट पॅनेल असेल तर तेही रिकामं करा. ट्यूबवाला मात्र रिकामा करू नका. उन्हात रिकाम्या नळ्या भाजणीच्या कढईसारख्या तापतात आणि परत आल्यावर कुणी उत्साहानं दुपारी वाल्व उघडला की एका मागोमाग एक फुटतात. प्रत्येक नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी असतं, सगळी गच्ची धुऊन निघते. टाकी भरलेली ठेवा, नळ्यांवर जुनं कापड टाका. चुकून रिकामी राहिलीच तर सूर्य मावळल्यावर भरा.

आणि गच्चीवर जालच तर टाकीच्या डोक्यावरचा उभा, उघडा पाइप बघा. तो हवेसाठी आहे. त्यातून थेंब पडतात म्हणून कुणी त्यात चिंधी नाहीतर बूच कोंबलेलं असतं, नाहीतर कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असतं. तो बंद असला की खालून पाणी काढताना आत पोकळी होते आणि टाकी रिकाम्या डब्यासारखी आत चेपते. बारीक तार घालून बघा, आरपार गेली पाहिजे.